रबर वाकडं

क्लबात टेबल टेनिसचा पॉइंट गेला की माणूस आधी चेंडूकडे बघतो, मग बॅटच्या रबरावरून बोट फिरवतो, मग त्यावर तोंडाची वाफ सोडून टी-शर्टाला पुसतो. पायांकडे बघत नाही. पाय जागचे हललेलेच नसतात, त्यामुळे तिथे बघण्यासारखं काही नसतंही. गेम गेला की निदान पक्कं होतं : रबर गेलं. "ग्रिपच राहिली नाही हो!" रबर बदललं की पुढच्या महिन्यात प्लाय जड वाटायला लागते. प्लाय बदलली की टेबल संथ असतं. टेबल नवं आलं की ते फारच उडतं. आणि सगळं जमून आलंच, तर कुणीतरी पंखा चालू ठेवलेला असतो.

ज्यांना अजून हा संसर्ग झालेला नाही त्यांच्यासाठी : दुकानात तयार बॅट मिळते ती नवशिक्यांची. दर्दी माणूस नुसतं लाकूड घेतो, ती प्लाय. दोन बाजूंची दोन रबरं वेगळी घेतो. मग रविवारी दुपारी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र अंथरून दवाखान्यातल्यासारखी शांतता पाळली जाते. पांढरा ग्लू स्पंजच्या तुकड्याने पसरायचा, तो पारदर्शक होईपर्यंत थांबायचं, कुणाला पंखा लावू द्यायचा नाही, मग रबर दांड्याच्या बाजूने अलगद बसवत न्यायचं, वरून बाटली फिरवायची आणि कटरने कडा कापायच्या. कडा कापताना हात थरथरतो. दहा हजारांच्या लाकडावर पाच-सहा हजारांचं रबर असलं की कुणाचाही थरथरेल. याच हाताने रोज अर्धा तास सर्व्हिस केली असती तर ती आज कुणाला परत करता आली नसती, पण तो मुद्दा या दुपारी काढायचा नसतो.

नियम सांगतो की प्लायच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचाच हवा. उरलेल्या १५ टक्क्यांत कार्बन, आरिलेट, झायलॉन असले धागे आणि गिऱ्हाइकाच्या आशा. स्पंज आणि ग्लू धरून रबराची जाडी ४ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. क्लबात ती मोजायला कुणी येत नाही, तरी आपले लोक दुकानदाराला विचारतात, "मॅक्स आहे ना?" २.७ ग्रॅमच्या चेंडूसाठी एवढा दारूगोळा!

आता बाजार जे सांगत नाही ते सांगतो. रबराला पकड जितकी जास्त, तितकी ती तुमच्या फिरकीला मदत करते हे खरं. पण पकड एकतर्फी नसते. समोरच्याने फिरवून पाठवलेला चेंडूही ते रबर तितक्याच निष्ठेने पकडतं. बॅटचा कोन जरा चुकला की चेंडू नेटमध्ये नाहीतर छताला. म्हणजे सहा हजार रुपये मोजून तुम्ही समोरच्याची सर्व्हिस सुधारून दिलीत. त्याने साधे आभारही मानले नाहीत.

वेगवान प्लायचं तर याहून मजेशीर. कार्बनची बॅट हातात आली की पहिले आठ दिवस चेंडू टेबलाबाहेर जातात. नवव्या दिवसापासून माणूस घाबरून स्ट्रोक आखडता घेतो. पूर्ण हात सोडून मारायचं बंद होतं, नुसतं टोचणं, ढकलणं, थांबवणं सुरू होतं. सगळ्यात जलद बॅट घेतलेला माणूस हॉलमधला सगळ्यात संथ खेळ खेळत असतो. हे प्रत्येक क्लबात बघायला मिळतं आणि प्रत्येक क्लबात त्यावर सुचवला जाणारा उपाय एकच : आणखी जलद रबर.

चीनचा मा लाँग हरिकेन वापरायचा म्हणून हरिकेन घेणाऱ्यांचा एक वेगळा पंथ आहे. ते रबर चिकट आणि कडक. त्यातून काही काढायचं तर मांडीपासून खांद्यापर्यंत सगळं अंग स्ट्रोकमध्ये उतरावं लागतं. आपल्याकडे उतरतं ते फक्त मनगट. शिवाय चिनी संघाच्या बॅटवरचं निवडक हरिकेन आणि दुकानातल्या पाकिटातलं हरिकेन यांच्यात आडनावाचं साम्य आहे, नातं दूरचं. पण पाकिटावर तेच नाव असतं आणि गिऱ्हाइकाला नाव पुरतं.

मग घ्यावं काय? फार काही नाही. पाच थरांची, बिनकार्बनची ऑलराउंड प्लाय, साधारण ८५ ग्रॅमच्या आसपासची. स्टिगाची ऑलराउंड क्लासिक किंवा तिच्या जातीची कुठलीही. तिच्यावर मध्यम स्पंजची, १.८ ते २ मिलिमीटरची दोन रबरं. यासाकाचं मार्क फाइव्ह १९६९ साली आलं, बटरफ्लायचं स्रायव्हर त्याच्याही दोन वर्षं आधी. या दोन रबरांवर लोक जगज्जेते झालेत. आपल्या क्लबातल्या 'ब' गटाची उपांत्य फेरी त्यांना झेपेल असं मानायला हरकत नाही. दांडा बाहेर पसरलेला हवा की सरळ, हे ज्याचं त्याने हातात धरून ठरवावं. त्यावर चर्चासत्र घेऊ नये.

यावर क्लबातला अभ्यासू सभासद हमखास सांगतो की सामानाने इतिहास बदललाय. बदललाय, आणि आपल्या मुंबईतच बदललाय. १९५२ च्या फेब्रुवारीत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरली, आशियात पहिल्यांदाच. तोवर बहुतेक सगळे बारीक दाण्यांच्या, बिनस्पंजच्या कडक रबराने खेळत. चेंडू बॅटवर आदळला की टॉक असा आवाज यायचा आणि त्या आवाजावरून समोरच्याला फटक्याचा अंदाज यायचा. जपानचा हिरोजी साटो नावाचा चष्मेवाला खेळाडू जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. आवाजच नाही! चेंडू कधी लागला, किती जोराने लागला, काही कळेना. अमेरिकेचा मार्टी रीझमन तेव्हा जगज्जेतेपदाचा दावेदार मानला जात होता, तो साटोसमोर हरला. अंतिम फेरीत हंगेरीचा कोझियान हरला. साटो जगज्जेता झाला. रीझमनने पुढची साठ वर्षं, २०१२ साली जाईपर्यंत, स्पंजने खेळाचं वाटोळं केलं हे सांगण्यात घालवली आणि कडक बॅटचा झेंडा खाली ठेवला नाही. सामानाला दोष देण्याच्या कलेत इतकी चिकाटी दुसऱ्या कुणी दाखवल्याचं ऐकिवात नाही. आपण त्याला कुलदैवत मानायला हवं.

पण साटोला वैयक्तिक जगज्जेतेपद पुन्हा मिळालं नाही. लोकांनी स्पंज बघितला, स्वतःच्या बॅटवर लावला, १९५९ साली नियमाने नुसत्या स्पंजला मनाई करून वर रबर सक्तीचं केलं आणि जादू संपली. साटोच्या स्पंजची खरी ताकद तो दुसऱ्या कुणाकडे नसण्यात होती. तुम्ही आज जे रबर घेताय ते समोरच्याने मागच्याच आठवड्यात घेतलंय. त्याच दुकानातून, त्याच सवलतीत.

दुसरा दाखला पॅरिसचा दिला जातो. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये चीनच्या वांग चुचिनने सुन यिंगशाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं आणि त्या जल्लोषात छायाचित्रकारांच्या गर्दीत त्याची बॅट पायाखाली येऊन मोडली. दुसऱ्या दिवशी राखीव बॅट घेऊन तो एकेरीत उतरला आणि स्वीडनच्या ट्रुल्स मोरेगार्डकडून हरला. वांग तेव्हा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. झालं! आपल्या हॉलमध्ये त्या आठवड्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच : "बघा, शेवटी बॅटच असते." वरून मोरेगार्डच्या बॅटीचं पान षटकोनी, त्यामुळे दोन जणांनी लगेच षटकोनी प्लायची चौकशीही केली. अहो, वांग त्या एका बॅटने दिवसाला जितके चेंडू मारतो तितके आपण गणपती ते होळी मारत नाही. त्याला दोन सारख्या बॅटींतला फरक जाणवतो. आपल्याला डोळे मिटून आपली बॅट आणि शेजाऱ्याची बॅट हातात दिली, तर घामाच्या वासावरूनच ओळखावी लागेल.

सबबींना नियामकांनीही वेळोवेळी खतपाणी घातलंय. २००० साली चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० झाला, २००१ साली गेम २१ चा ११ वर आला, २००८ साली सॉल्व्हंटवाला स्पीड ग्लू गेला, २०१४ साली सेल्युलॉइडच्या जागी प्लास्टिक आलं. प्रत्येक बदलामागे कारण होतं, खेळ टीव्हीवर दिसावा किंवा ग्लूच्या वाफेने कुणी आजारी पडू नये वगैरे. क्लबात मात्र प्रत्येक बदलातून एकेक पिढी कायमची 'आधी भारी खेळणारी' होऊन बसली. "सेल्युलॉइड होता तेव्हा माझा टॉपस्पिन बघायला हवा होतात." आम्ही बघितला होता. स्पीड ग्लू गेल्यावर तेलकट बूस्टर आलं. नियमाने तेही चालत नाही. तरी ज्याच्या टॉपस्पिनमध्ये टॉपही नाही आणि स्पिनही नाही असा एखादा सभासद घरी गुपचूप रबराला तीन हात बूस्टर चोपडतो. तस्करी करावी आणि माल कुठे विकायचा ते ठाऊक नसावं, त्यातली गत.

याच्या उलट टोकाला एक जमात आहे : रबर कधीच न बदलणारे. झिजून झिजून ते असं गुळगुळीत होतं की त्याची फिरकीच्या व्यवहारातली भागीदारी संपलेली असते. हे लोक अजाणता अँटी-स्पिन खेळत असतात आणि म्हणून बऱ्याचदा जिंकतात. पावसाळ्यात तर मुंबई-कोकणात सगळ्यांचीच रबरं अशी होतात. दमट हवेत रबरावर ओलावा धरतो, चेंडू पकडला न जाता घसरतो. दर ६ गुणांनंतर टॉवेलने घाम पुसायची मुभा नियमात आहे. चेंडू आणि रबर कोरडं ठेवलं तर निम्मी तक्रार मिटते. पण नॅपकिन पन्नास रुपयांना मिळतो, त्यामुळे त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

आता पिंपल्सवाले काका. हे प्रत्येक हॉलमध्ये असतात. एका गुडघ्याला पट्टा, बॅटच्या काळ्या बाजूला लाँग पिंपल, टेबलाला चिकटून उभे. समोर नवी कार्बन घेतलेला तरणाबांड. तो दणकून टॉपस्पिन मारतो, काका नुसती बॅट आडवी धरतात, चेंडू डुगडुगत परत येतो, पोरगा पुन्हा मारतो, चेंडू नेटमध्ये. पुन्हा तेच. ११-४. पोरगा बाहेर येऊन म्हणतो, "याला काय खेळ म्हणायचं? यावर बंदी हवी."

यात चेटूक काही नाही. लाँग पिंपलचे दाणे लांब आणि मऊ असतात, चेंडू लागला की वाकतात, फिरकी पकडत नाहीत. त्यामुळे चेंडूची मूळ फिरकी तशीच राहून फक्त दिशा उलटते. तुम्ही टॉपस्पिन मारलात तर तुमच्याकडे तो चॉप होऊन येतो. तुम्ही चॉप केलात तर साधा किंवा किंचित टॉपस्पिन होऊन येतो. म्हणजे काका काहीच करत नाहीत. तुम्हीच घातलेली फिरकी तुम्हाला व्याजासकट परत मिळते आणि तुम्ही ती ओळखत नाही, कारण स्वतः काय मारलं हे एका चेंडूपुरतं लक्षात ठेवायची तुम्हाला सवय नाही. उपाय साधा आहे. एकदा लांब, बिनफिरकीचा चेंडू त्यांच्या पिंपल्सवर ढकला. परत येणारा चेंडू मेलेला असेल, तो निवांतपणे हाणा. दोनदा सलग जोर लावू नका. तिरके मारण्यापेक्षा त्यांच्या पोटात मारा, कारण गुडघ्याचा पट्टा तिथून हलायला राजी नसतो. एवढं कळायला एक संध्याकाळ पुरते. पण पोरगा त्या संध्याकाळी घरी जाऊन लाँग पिंपल मागवतो आणि पुढच्या महिन्यात पिंपल्स लावून हरतो.

बंदी हवी म्हणणाऱ्यांनी जरा इकडे बघावं. मनिका बत्राने बॅकहँडला लाँग पिंपल लावून २०१८ साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं एकेरीचं सुवर्ण आणलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानला ऐहिका मुखर्जीने अशाच फसव्या बॅकहँडच्या जोरावर पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंगशाला हरवलं. लक्झेंबर्गची नि शियालियान तर पॅरिस ऑलिंपिकमध्ये वयाच्या ६१ व्या वर्षी पेनहोल्ड पकड आणि लाँग पिंपल घेऊन उतरली आणि पहिली फेरी जिंकली. या तिघींकडे जे रबर आहे ते बाजारात कुणालाही मिळतं. मिळत नाही ते चेंडू कुठे टाकायचा याचं डोकं. पूर्वी दोन्ही बाजूंची रबरं एकाच रंगाची लावून, बॅट हातात फिरवून समोरच्याला गंडवता यायचं. १९८६ पासून एक बाजू काळी आणि दुसरी लाल सक्तीची झाली. २०२१ पासून लालच्या जागी गुलाबी, जांभळा, हिरवा, निळाही चालतो. म्हणजे आता पिंपल कुठल्या बाजूला आहे हे रंगावरून कळतं. तरी कळत नसेल तर दोष काकांचा नाही.

राहिली सर्व्हिस. अकरा गुणांच्या गेममध्ये दोन-दोन करत निम्मे पॉइंट तुमच्या सर्व्हिसने सुरू होतात. अख्ख्या खेळात हा एकच फटका असा की त्यात समोरच्याची लुडबूड नाही. जोडीदार लागत नाही, कोच लागत नाही. रिकामं टेबल आणि डबाभर चेंडू पुरतात. आणि नेमका हाच कुणी घोटत नाही. "आज पार्टनर आला नाही" म्हणून माणूस बॅगेची चेन लावून घरी जातो. नियम म्हणतो : चेंडू उघड्या तळव्यावर, सरळ वर किमान १६ सेंटिमीटर, मोकळा हात मधून बाजूला, समोरच्याला सगळं दिसलं पाहिजे. क्लबात चेंडू बोटांच्या चिमटीतून बॅटवर पडतो आणि त्याला 'माझी स्टाइल' म्हणतात.

आखूड बॅकस्पिन एवढी एकच सर्व्हिस नीट करून बघा. पकड सैल, दांड्यावरची शेवटची तीन बोटं जवळजवळ सुटलेली. चेंडू खाली येऊ द्या, नेटच्या उंचीपर्यंत. तिथे त्याला मारायचं नाही, पोटाखालून पातळ खरवडायचं. बरोबर लागला तर टॉक असा आवाज येत नाही, कागद घासल्यासारखा येतो. चेंडू पलीकडे टप्पा घेऊन थबकला आणि नेटकडे परत यायला लागला की जमलं. सुरुवातीला तो पलीकडे जाणारच नाही. तेव्हा रबराकडे बघायचं नाही.

सर्व्हिस घेणाऱ्यांसाठी एवढंच की चेंडूला बॅट लागते तो क्षण बघा. त्यानंतर समोरचा हवेत जे हातवारे करतो ते नाटकाचं तिकीट न काढणाऱ्यांसाठी असतं.

प्रॅक्टिसचं तर विचारूच नका. दोन मिनिटं फोरहँड-फोरहँड, अगदी प्रेमाने, एकमेकांच्या हातात चेंडू देत. "वा, वा!" मग "चला, मॅच?" त्या मॅचमध्ये असा चेंडू एकदाही येत नाही. चेंडू कुठे येणार हे दोघांना ठाऊक असलेल्या रॅलीचा सराव करून चेंडू कुठे येणार हे कुणालाच ठाऊक नसलेला खेळ कसा सुधारेल? खरं तर पाच चेंडू ठरलेल्या जागी आणि सहावा कुठेही, इतका बदल केला तरी पाय जागे होतात. फटका मारून झाल्यावर पुन्हा मधल्या जागेवर परतायचं, गुडघे जरा मोडलेले, टाचा हलक्या. हे कोच दहा वर्षांच्या मुलांना बादलीभर चेंडू टाकून रोज सांगत असतो, तीन टेबलं सोडून. प्रौढ सभासद ते बघतो, मान डोलावतो आणि फी विचारतो. महिन्याची फी ऐकून "जरा जास्तच सांगतोय" म्हणतो. हे म्हणताना त्याच्या बॅगेत पंधरा हजारांची बॅट असते, तिला वेगळं कव्हर असतं, कव्हरात रबराला चिकटवायची पारदर्शक फिल्म असते.

तीन महिन्यांनी हीच बॅट क्लबात विक्रीला निघते. निम्मी किंमत. "नवीच आहे, बघा ना, कडेला एक टवका नाही." घेणाऱ्याने हे वाक्य नीट ऐकावं. आखूड चेंडूला खाली वाकून पुश करणाऱ्याच्या बॅटची कड टेबलावर आपटते, टवके उडतात, साइड टेप फाटते. याच्या बॅटला टवका नाही, कारण हा वाकलाच नाही. बॅट बिनधास्त घ्या. लाकूड अगदी कोरं आहे.